नुसता पाला

दुपारची जेवणं आटोपून जरा पाठ टेकायच्या बेतात होते, तर गॅलरीत टप्प. उठून पाहिलं तर जास्वंदीची कळी. टपोरी, टोकाला लाल रंग डोकावायला लागलेली. देठ सांध्यापाशी असा स्वच्छ सुटलेला की कुणी मुद्दाम खुडली म्हणावं.

कळ्या का गळतात याची कारणं मला आता पाठ झाली आहेत, कारण सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या इमारतीत मजल्यागणिक एक जाणकार आहे. पहिल्या मजल्याच्या मते पाणी जास्त होतंय. दुसऱ्याच्या मते कमी पडतंय. तिसरा मजला विचारतो, कुंडी हलवली का? वैताग असा की तिघांचंही खरं असतं. जास्वंदीची कळी पाण्याने गळते, तहानेने गळते, उन्हाच्या तडाख्याने गळते, जागा बदलली म्हणूनही गळते. मानपान सांभाळायला लागणारी पाहुणी असते ना घरात एखादी, तसलं प्रकरण.

मध्यंतरी लेकीने कुठलासा व्हिडिओ बघून कुंडी हॉलमध्ये टीव्हीशेजारी आणून ठेवली होती. म्हणे घर प्रसन्न दिसतं. दिसलंही. पानं अशी हिरवीगार, लकलकीत झाली की येणारा-जाणारा हात लावून बघायचा, खरी आहेत का. फूल मात्र एक नाही. रोज चांगलं पाच-सहा तास ऊन अंगावर घेतल्याशिवाय ही बया फुलत नाही. मग पुन्हा गॅलरी, पुन्हा पानं पिवळी, पुन्हा टप्प.

गावभागातल्या आमच्या जुन्या वाड्यातल्या जास्वंदीला हे असलं काही नव्हतं. ती न्हाणीच्या मागे उभी होती, सांडपाण्यावर. खत-बित सोडाच, तिच्याकडे झाड म्हणून कुणी पाहतही नसे. धुण्याच्या दगडावर उभं राहिलं की मधल्या फांद्यांना हात पुरायचा, शेंडा गच्चीला टेकलेला. आणि तरीही उमललेलं फूल झाडावर बघितल्याचं मला फारसं आठवत नाही. कारण चोर. भल्या पहाटे कृष्णाकाठी गणपतीला निघालेली मंडळी भिंतीवरून आकडी टाकून फांदी ओढायची आणि मिळेल ते पिशवीत घालायची. भक्त माणसं, पण फांद्या अशा ओरबाडायची की सकाळी भिंतीखाली काटक्यांचा खच. म्हणून आजी आदल्या संध्याकाळीच उद्याच्या कळ्या काढून आणायची आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ताम्हनात ठेवायची. सकाळी फडकं उघडलं की आत फुलं. जास्वंदीला उमलायला झाड लागतच नाही, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

इतक्या लवकर कशाला गं तोडतेस, असं मी एकदा विचारलं होतं. आजी म्हणाली, “झाडावर काय नि देवावर काय, संध्याकाळी मिटायचंच आहे तिला.” आणि चोरांबद्दल? “नेईनात. चोरलेल्या फुलाचं पुण्य ज्याचं झाड त्याला.” पुण्याची व्यवस्था लागली तरी तिची सकाळची धुसफुस काही कमी व्हायची नाही, तो भाग वेगळा.

शाळेत एकदा मास्तरांनी फुलाचे भाग शिकवायला सगळ्या वर्गाला जास्वंद आणायला सांगितली. जास्वंदच का, ते आता कळतं. सगळं कसं मोठं, सुटं, डोळ्यांना दिसणारं. खाली हिरवी संदलं, वर पाच पाकळ्या, मधून बाहेर आलेली लांब नळी, तिच्यावर पिवळे पराग आणि अगदी टोकाला पाच लाल मखमली ठिपके. ब्लेडने उभं कापलं की तळाशी बीजांडं, रव्याच्या कणांएवढी. बोटं बुळबुळीत झाली, वहीवर जांभळे डाग पडले, आणि त्या दिवशी गल्लीतल्या एकाही घरात गणपतीला लाल फूल मिळालं नाही. आजी दिवसभर म्हणत होती, “त्या मास्तरांना म्हणावं, धोतरा कापा की.”

माझी एक खोड सांगून टाकते. नर्सरीत हल्ली ज्या ताटलीएवढ्या पिवळ्या, केशरी, मध्ये लाल डोळा असलेल्या जास्वंदी मिळतात, त्या मला सोसत नाहीत. एकेरी, पाच पाकळ्यांची, लाल. बाकीच्या जास्वंदी लग्नाला आल्यासारख्या दिसतात. खरं तर जास्वंदीचं नशीबच चमत्कारिक. वास नाही म्हणून तिचा गजरा होत नाही, डोक्यात कुणी माळत नाही, पण केस वाढावेत म्हणून तेलात मात्र घरोघरी उकळतात. तिकडे मलेशियात १९६० सालापासून ती राष्ट्रीय फूल आहे, नोटेवर छापतात. आमच्याकडे आकडी.

तर, शेजारणीचे वडील तासगावहून आले होते. द्राक्षबागायतदार. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. चहा घेता घेता त्यांची नजर कुंडीकडे गेली ती गेलीच.

“ताई, ह्येला कात्री कधी लावली हुती?”

“कात्री कशी लावू अण्णा? कळ्या आहेत ना त्यावर.”

“म्हणून तर नुसता पाला झालाय. काडी जून झाली की माल येत न्हाई. नवी फूट काढा. माल फुटीलाच येतोय.”

मग त्यांनी पान उलटं केलं आणि जुना वैरी भेटल्यासारखे खुलले. “पिठ्या ढेकूण हाय की!” देठाच्या बेचक्यात कापसाचा पुंजका दिसत होता. तो त्यांनी अंगठ्याच्या नखाने चिरडला, तर नखावर गुलाबीसर चिकट पाणी. “मुंग्या चढताना दिसल्या की समजायचं, ह्यो हाय. आमी बागंच्या कडंला जास्वंद ठिवतच न्हाई. हितनंच जातोय द्राक्षावर.” म्हणजे आमच्या गणपतीचं लाडकं फूल अण्णांच्या लेखी रोगाचं माहेर. खिशातून कात्री काढून (द्राक्षवाल्याच्या खिशात कात्री असतेच) त्यांनी डोळे, म्हणजे फूट निघायच्या जागा, मोजत सपासप फांद्या उतरवल्या. मी दुसरीकडे बघत होते.

ते गेल्यावर डोक्यात आलं, वाड्यातल्या झाडाची छाटणी मग कोण करत होतं? आजी तर नव्हे. दर पहाटे फांद्या ओरबाडणारे ते भक्त. त्यांच्या आकडीनेच ते झाड वर्षानुवर्षं नवी फूट काढत राहिलं असणार. हे आजीला सांगायला हवं होतं. तिला आवडलं नसतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा वाड्यात कुणी राहत नव्हतं. पाणी ओसरल्यावर बघायला गेलो. गुडघाभर गाळ, आणि न्हाणीमागे जास्वंद उभी, चिखलाने शेंड्यापर्यंत राखाडी. वाटलं तगेल. दिवाळीपर्यंत वठली.

पण तोवर तिच्या काड्या गल्लीभर गेलेल्या होत्या. माझी कुंडीही त्यातलीच. या जास्वंदीला आपल्याकडे बी धरताना क्वचितच दिसतं. रानात आपसूक उगवलेली ती कुठे सापडत नाही, पिढ्यान्‌पिढ्या माणसंच काडी तोडून लावत आली आहेत. म्हणजे गल्लीतली सगळी झाडं ही मुळात एकच झाड, आणि त्याचं वय काय धरायचं हा प्रश्नच. यावर नीट विचार करायचा म्हणून बसले होते, तेवढ्यात पुण्याहून आतेबहिणीचा फोन आला. तिला वाड्यातली जास्वंद हवी आहे. ओल्या फडक्यात गुंडाळून पाठवता येईल खरं. पण अण्णांनी कापलेल्या सगळ्या काड्या कामवाल्या मावशींनी कधीच कचऱ्यात टाकल्या आहेत, आणि झाडावर सध्या आहेत ते नुसते डोळे. पावसाळ्यात बघू म्हटलं.