तीन इंच

ठाण्यात कापूरबावडीला बाईक ॲक्सेसरीजचं दुकान चालवतो, त्याला चौदा वर्षं झाली. आजवर किती विंडशील्ड बसवल्या याचा हिशेब नाही. पण जुलैतला तो एक शनिवार डोक्यातून जात नाही.

शटर वर करून अगरबत्ती लावत होतो, तेवढ्यात एक ताई लंगडत आत आल्या. बाहेर त्यांची मीटिअर ३५० उभी, डावीकडून घासलेली. मे महिन्यात तिला विंडशील्ड मीच लावून दिली होती. ताई मीरारोडच्या शाळेत शिकवतात, रोज घोडबंदर रोडने जाणं-येणं. छातीवर वारा येतो, खांदे दुखतात म्हणून आल्या होत्या. मी दुकानातली सर्वांत उंच काच काढून दिली होती.

"दादा, ती काच काढून टाका," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागलं.

आदल्या संध्याकाळी गायमुखचा घाट उतरताना पाऊस आला होता. समोरून ट्रकची रांग. काचेवरच्या थेंबाथेंबात हेडलाइट फुटत होते. वायपर नाही, आणि काचेवरून पाहावं तर कड डोळ्यांच्याही वर. खड्डा दिसलाच नाही. पाय मुरगळण्यावर निभावलं.

त्यांना गाडीवर बसवलं. दुकानातल्या पोराला हँडल धरून गाडी सरळ उभी ठेवायला सांगितलं. ताईंनी हेल्मेट घातलं, पाय फूटरेस्टवर, नजर समोर. मे महिन्यात मी हे केलंच नव्हतं. गाडीचं मॉडेल विचारलं आणि काच दिली. मीटिअरची सीट ७६५ मिलिमीटर, ताईंची उंची पाच फूट एक इंच. पाच फूट दहा इंचाच्या माणसाला जी कड हनुवटीशी येते, ती त्यांच्या कपाळाशी. कड नाकाच्या शेंड्याशी हवी. काच तिरकी असते, तिच्यावरून येणारा वारा कडेच्या आणखी वर उचलला जातो आणि हेल्मेटवरून निघून जातो. नजर मात्र काचेवरून मोकळी राहते.

काचेवर बारीक चरेही होते. धूळ कोरड्या फडक्याने पुसत होत्या. ही काच म्हणजे खरं तर पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक. आपटून सहसा फुटत नाही, पण चरा लगेच पडतो. आधी भरपूर पाणी, मग साबणाचं पाणी आणि मऊ कापड. पेट्रोल किंवा अमोनियावालं ग्लास क्लीनर लावलं तर जाळीसारख्या भेगा येतात. हेसुद्धा मी मे महिन्यातच सांगायला हवं होतं.

नवीन काच देतो म्हटलं, पैसे नकोत. मग लक्षात आलं, कड खाली आली की ताई काचेतून बघणारच नाहीत, चरे असेनात का. म्हणून हीच कापायची ठरवली. पुठ्ठ्यावर कडेची गोलाई उतरवून घेतली, तीन इंच खाली सरकवली, दोन्ही बाजूंनी मास्किंग टेप. जिगसॉ करवतीला बारीक दाताचं पातं, वेग कमी. घाई केली की प्लास्टिक वितळून पात्यामागे पुन्हा चिकटतं. नंतर कड पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने घासली, बोट फिरवलं तर टोचू नये इतकी.

गाडी मानपाड्यापर्यंत पोराने नेली, पाठीमागे ताई. त्यांचा पाय दुखत होता, चालवणं जमणार नव्हतं. परत आल्यावर पोर म्हणाला, साठच्या पुढे हेल्मेट थरथरतं. पोर उंच आहे, त्याचं धरून चालणार नव्हतं. पण स्वतः चालवताना थोडं थरथरणं ताईंनाही जाणवलं असतं असं वाटलं. काच हेडलाइटला अगदी चिकटून बसली होती. अशा काचेच्या पाठीमागे हवा कमी दाबाची होते, वरचा वारा तिथे गोल गोल फिरत खाली येतो. ब्रॅकेट सरकवून खाली दोन बोटांची फट ठेवली, म्हणजे तिथून हवा आत शिरून ती जागा भरते.

पाय बरा झाल्यावर, दहा दिवसांनी, ताई स्वतः गाडी घेऊन आल्या. रेनकोट ओला. खांदे दुखत नाहीत म्हणाल्या, आणि काजूपाड्याचे खड्डे आता लांबूनच मोजता येतात.

सोबत त्यांचे मिस्टर होते, चांगले उंच. त्यांनी विचारलं, "मी चालवली तर वारा गळ्यावर येईल ना? दोघांना चालेल अशी मधली उंची नाही करता येणार?"

मी तोंड उघडण्याआधी ताईंनीच उत्तर दिलं, "गाडी माझी आहे. माझ्या मापाचीच राहू दे."