नॉन-क्रीमीलेअर: आठ लाखांत पगार धरत नाहीत

यूपीएससीचा अर्ज, फोटो, सही, फी यात अडलं नाही. अडलं ते ओबीसीच्या नॉन-क्रीमीलेअर दाखल्यापाशी, म्हणजे कुटुंब ओबीसींतल्या प्रगत गटात ('क्रीमीलेअर'मध्ये) मोडत नाही या दाखल्यापाशी, आणि तेही एका बेरजेमुळे.

लिपिकाने वडिलांचा पगार घेतला, त्यात शेतीचं उत्पन्न मिळवलं आणि 'आठ लाखांच्या वर जातंय' म्हणत अर्ज परत केला. तीन हेलपाटे, तिन्ही वेळा तीच बेरीज. ती मुळातच चूक. ८ लाखांच्या मर्यादेत सरकारी नोकराचा पगार आणि शेतीचं उत्पन्न धरतच नाहीत. धंदा, घरभाडं, व्याज धरतात, तेही सलग तीन वर्षं मर्यादा गाठली तरच. शेतीला बागायत जमिनीच्या क्षेत्राची वेगळी कसोटी आहे. सरकारी नोकराच्या मुलांसाठी पद बघायचं: आई-वडिलांपैकी एक जण थेट वर्ग १ मध्ये लागलेला, किंवा दोघंही थेट वर्ग २ मध्ये, तर क्रीमीलेअर. वडील वर्ग २ ला लागून चाळिशीपर्यंत वर्ग १ झाले, तरीही. माझे वडील राज्य शासनात वर्ग ३ ला, मग पगार कितीही असो, तो आडवा येत नाही.

शेवटी ८ सप्टेंबर १९९३ चं केंद्राचं ज्ञापन आणि १४ ऑक्टोबर २००४ चा खुलासा, नेमक्या ओळींखाली रेघा मारून जोडले. सोबत वडिलांचा नियुक्ती आदेश, कारण वर्ग त्यावरून कळतो. लेखी अर्ज आवकला देऊन पोच घेतली, तेव्हा कुठे फाइल प्रांतांपुढे गेली. खिडकीवर हुज्जत घालू नका, पोच घ्या.

दाखला केंद्राच्या नमुन्यातच मागा, राज्याचा चालत नाही. त्याआधी आपली जात केंद्राच्या यादीत आहे का तेही बघा. मराठा समाजाला राज्याने दिलेलं एसईबीसी आरक्षण केंद्रात लागू नाही. तारीखही सांभाळा: मागचं आर्थिक वर्ष संपल्यानंतरची, पण अर्जाच्या शेवटच्या दिवसाच्या आतली.

'मार्क चांगले पडतील, खुल्यातूनच निघेन' म्हणून दाखला टाळणाऱ्यांची मला काळजी वाटते. वयाची, प्रयत्नांची किंवा कटऑफची कोणतीही सवलत न घेता निवड झाली, तर उमेदवार खुल्या जागेवरच मोजला जातो आणि राखीव जागा दुसऱ्याला उरते. गुणवत्ता आणि आरक्षण यांचा मेळ असा घातलाय, आणि मला तो रास्त वाटतो. पण खुल्या क्रमांकावर हवी ती सेवा (आयएएस, आयपीएस वगैरे) मिळत नसेल, तर असा उमेदवार सेवा-वाटपापुरती आपल्या प्रवर्गाची जागा घेऊ शकतो. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हा नियम वैध ठरवलाय. त्या वेळी हाच दाखला लागतो, आणि अर्जात प्रवर्ग लिहिलेला नसेल तर मागाहून सांगता येत नाही.