क्राबी: भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावर

क्राबीला जायचं ठरलं की विमानाची तिकिटं काढण्याआधी कालनिर्णय उघडा आणि पौर्णिमा-अमावास्या बघून घ्या. थायलंडच्या दक्षिणेकडचा हा प्रांत, बँकॉकपासून साधारण 800 किलोमीटरवर, अंदमान समुद्राच्या काठावर पसरलेला. इथे समुद्राशी संबंधित जे जे काही करायचं, ते पाणी कधी चढतं आणि कधी उतरतं यावर ठरतं. उधाण (पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराची मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान) यांतला फरक कोकणातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. सकाळी नऊला निघून चारला परत आणणाऱ्या पॅकेज टूरमध्ये मात्र या गोष्टीला जागाच नसते, आणि तिथेच निम्मं क्राबी हातचं जातं.

आम्ही माघी पौर्णिमेच्या आसपासचे दिवस धरले. त्याच पौर्णिमेला थायलंडमध्ये माखा बुचा हा बौद्ध सण होता. संध्याकाळी क्राबी गावातल्या पांढऱ्या देवळात लोक मेणबत्ती, उदबत्ती आणि कमळाची कळी हातात घेऊन शांतपणे प्रदक्षिणा घालत होते. आम्हीही त्यांच्यामागून चाललो.

मुक्काम आओ नांगला केला. तिथून रायलेला लाँगटेल बोटीनं पंधरा मिनिटं लागतात. रायले खरं तर मुख्य भूमीलाच जोडलेलं आहे, पण मध्ये चुनखडकाचे एवढे उभे कडे आहेत की रस्ता पोचलेलाच नाही, त्यामुळे होडी हाच मार्ग. या होड्या बघत राहाव्यात अशा. मागे उघडं मोटारीचं इंजिन, त्याला लांबलचक दांडा आणि दांड्याच्या टोकाला पंखा. पाणी उथळ झालं की नाखवा दांडा दाबून पंखा अलगद पाण्याबाहेर उचलतो. नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, रंगीत कापडं आणि फुलांच्या माळा बांधलेल्या असतात, त्या होडीची राखण करणाऱ्या ‘मे या नांग’ देवतेसाठी. त्या बाजूला पाय ठेवून चढू नका.

रायलेची दोन तोंडं आहेत. पश्चिमेला पांढरी पुळण, पूर्वेला तिवरं आणि चिखल. ओहोटीला पूर्वेकडचा किनारा इतका उघडा पडतो की होड्या दूरवर थांबतात. क्लाइंबिंग मुख्यतः याच बाजूला सुरू होतं. आमची सगळी सवय सह्याद्रीच्या बेसॉल्टची. तैलबैल्याच्या भिंतीवर बोटांना सापडतात त्या अरुंद कपारी, आडवे पट्टे आणि भरवसा न देणारे सुटे धोंडे. इथला चुनखडक पाण्यानं विरघळून घडलेला. त्यात मूठभर खोलीची गोल भोकं आहेत आणि वरून लवणस्तंभ लोंबतात. त्यांना हातांनी विळखा घालून, पाय दोन बाजूंना रोवून चक्क विश्रांती घेता येते. मुयथाई वॉल नावाच्या कड्यावर दोर वरून लावलेले सोपे रूट आहेत. हार्नेस, शूज आणि इन्स्ट्रक्टर जागेवरच मिळतात, त्यामुळे कधी न चढलेल्यांनीही बेधडक करावं.

एक गोष्ट आवर्जून बघा, ती म्हणजे खडकातले बोल्ट. समुद्राची खारी हवा आणि चुनखडक यांच्या संगतीत स्टेनलेस स्टीललाही आतून तडे जातात. वरून चकचकीत दिसणारा बोल्ट अचानक तुटू शकतो. म्हणून इथल्या क्लाइंबर मंडळींनी टायटॅनियमचे बोल्ट खडकात खास गोंदानं बसवायला सुरुवात केली. हे खर्चाचं आणि चिकाटीचं काम स्वयंसेवक देणग्यांवर करत आलेत. त्यांच्या डब्यात आम्ही मनापासून पैसे टाकले. दोर ज्याच्यावर लोंबतो ती वस्तू कुणीतरी उन्हात टांगून घेऊन बसवलेली असते.

ओहोटीचा खरा सोहळा थाले वेकला. कोह तुप, कोह मोर आणि कोह काय ही बेटं भरतीत वेगवेगळी असतात. पाणी उतरलं की त्यांच्यामध्ये वाळूची वाट उघडी पडते. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे ती सगळ्यात छान दिसते. आम्ही पोचलो तेव्हा पाणी गुडघ्याएवढं होतं. उभे राहिलो तर दोन्ही बाजूंनी लाटा येऊन नेमक्या आमच्या पायांशी एकमेकींवर आपटत होत्या. बघता बघता पाणी घोट्यापर्यंत आलं, मग वाळूचा एक ओला कणा वर आला आणि अर्ध्या तासात त्यावरून पोरं पळायला लागली. मोठ्या टूरच्या होड्या आल्या तोवर आमचं पोहून झालं होतं.

‘फि फि ले’ बेटावरच्या ‘माया बे’ या खाडीला गेलो, पण तिथे पोहायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. गर्दीनं प्रवाळ उद्ध्वस्त झाल्यावर जून 2018 मध्ये ही खाडी बंद केली, ती जानेवारी 2022 मध्ये उघडली. आता होड्या मागच्या बाजूला लागतात. उथळ पाण्यात ब्लॅकटिप जातीच्या छोट्या मुशी (शार्क) फिरताना दिसतात. प्रवाळाला घातक रसायनं असलेलं सनस्क्रीन 2021 पासून थायलंडच्या सागरी राष्ट्रीय उद्यानांत चालत नाही. सरळ पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घाला.

कयाकिंगला आओ थालेन. इथे उलटा हिशेब, पाणी भरलेलं हवं. कांदळवनातून वल्हवत जाताना मुळांवर निवट्या (चिखलात राहणारे छोटे मासे) उड्या मारतात, माकडं खेकडे शोधत फिरतात आणि दोन्ही बाजूंचे कडे इतके जवळ येतात की वल्हं आडवं धरता येत नाही. ओहोट लागली की तळाचा चिखल कयाक धरून ठेवतो, म्हणून गाईड परत फिरायला सांगेल तेव्हा लगेच फिरा.

मे ते ऑक्टोबर इथेही नैऋत्य मोसमी पाऊस असतो. समुद्र खवळतो, किनाऱ्यावर लाल झेंडे लागतात. नोव्हेंबर ते एप्रिल जा. बुकिंग करताना त्या दिवसाच्या भरतीची वेळ विचारा. वेळ न सांगता नुसते पैसे मागणाऱ्याकडे बुकिंग करू नका.