नववी नापास झाल्यावर दहावी पास होईपर्यंत : माझा अनुभव

लातुरात बाहेरगावची पोरं शिकायला येतात. शिवाजी चौकातून उद्योग भवनाकडं निघालं की क्लासच्या पाट्या, अभ्यासिका, होस्टेलं आणि मेस, दुसरं काही नजरेला पडत नाही. डॉक्टरकीच्या प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा द्यायच्या तयारीतली पोरं जिथं जेवतात त्यातल्या एका मेसमध्ये माझी माय चपात्या लाटते. बाबा आडत बाजारात हमाली करतात. सोयाबीन आणि तुरीची आवक असली तर काम, नाहीतर घरी बसून. ‘लातूर पॅटर्न’, म्हणजे परीक्षेत भरपूर मार्क काढून देणारी इथली अभ्यासाची पद्धत, हे शब्द मी कळायला लागल्यापासून ऐकतेय. त्याच लातुरात मी २०२२ साली नववीत नापास झाले आणि पुढचं वर्षभर, तू कोणत्या वर्गात आहेस, हे मला एका माणसानंही विचारलं नाही.

नापास का झाले त्याला कारण होतं. सातवीच्या शेवटी लॉकडाऊन लागला, वरच्या वर्गात ढकललं. आठवी फोनवर झाली आणि घरातला एकुलता एक फोन बाबांबरोबर बाजारात जायचा. नववीला शाळा सुरू झाली तेव्हा गणिताच्या सरांनी फळ्यावर बहुपदी मांडल्या आणि मला अजून अपूर्णांकांची बेरीज येत नव्हती. माझ्यासारखी वर्गात बरीच होती.

निकालानंतर शाळेनं मायला बोलावून घेतलं. “परत नववीत बसवू नका. दाखला घेऊन जा आणि बाहेरून सतरा नंबर भरा, पोरगी सुटंल,” असं सांगितलं. सतरा नंबर म्हणजे शाळेत न जाता खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसण्यासाठी बोर्डाकडं नाव नोंदवायचा फॉर्म. मायला वाटलं, सर भल्याचंच सांगतात. दाखला त्याच दिवशी हातात मिळाला. इतर वेळी दाखल्यासाठी चकरा मारायला लावतात, तो इतक्या तातडीनं का दिला, हे आम्हाला नंतर कळलं. दहावीचा निकाल शंभर टक्क्यांच्या जवळ ठेवायचा तर कच्ची पोरं नववीतच गाळावी लागतात. २०२४ ला राज्याचा दहावीचा निकाल ९५.८१ टक्के लागला. पेपरात तो आकडा वाचताना माझ्या मनात एकच यायचं, की ही टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांची आहे. दहावीपर्यंत पोचूच न दिलेली पोरं त्यात कुठंच नाहीत.

सतरा नंबर भरा म्हणणं सोपं आहे. तो कुठं भरायचा, कधी भरायचा, भरल्यावर शिकवणार कोण, यातलं काही कुणी सांगितलं नाही. मी मायसोबत मेसमध्ये डबे भरायला जायला लागले. घरात स्थळांची बोलणी सुरू झाली. पोरगी शाळेत नाही म्हटल्यावर नातेवाईकांना तेवढंच सुचतं.

२०२३ च्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीतल्या बचत गटाच्या काकू वही घेऊन घरोघर फिरल्या. नववी-दहावीतून सुटलेली पोरं कोण, वय काय, दाखला कुठाय, एवढंच लिहून घेत होत्या. जवळच्या एका अनुदानित हायस्कूलच्या मुख्याध्यापक मॅडम, एका कॉलेजचे एनएसएसचे, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचे सर आणि बचत गट यांनी मिळून ठरवलं होतं की अशा पोरांना दहावी पास होईपर्यंत धरून ठेवायचं. तिघांनी आपापलं काम कागदावर लिहून सह्या केल्या होत्या. शाळेनं अर्ज, तोंडी परीक्षा आणि विज्ञानाची प्रात्यक्षिकं बघायची. कॉलेजनं शिकवायला पोरं-पोरी द्यायच्या. बचत गटानं समाजमंदिराची खोली उघडायची आणि जो आला नाही त्याच्या घरी जायचं.

हे टिकलं कशामुळं, याचा मी पुष्कळ विचार केलाय. एनएसएसच्या विद्यार्थ्याला वर्षाला १२० तास काम दाखवावं लागतं. इतर वेळी ते तास ग्रामस्वच्छतेत आणि रॅलीत जातात. आम्हाला शिकवलेले तास त्यात धरले जायचे, म्हणून परीक्षा जवळ आली तरी ताई-दादा यायचे थांबले नाहीत. मॅडमच्या संस्थेतल्या काहींना धास्ती होती की बाहेरची पोरं घेतली तर शाळेचा निकाल पडेल. खासगी विद्यार्थ्यांचा निकाल बोर्ड वेगळा काढतं, हे मॅडमनी त्यांना पटवून दिलं. आणि बचत गटातल्या निम्म्या बायांची स्वतःचीच लेकरं त्या वहीत होती. नुसत्या दयेवर चाललं असतं तर दिवाळीनंतर खोलीला कुलूप लागलं असतं असं मला खात्रीनं वाटतं.

पहिल्या दिवशी मॅडमनी आम्हाला सगळे रस्ते समजावून सांगितले. परत नववीत नियमित बसता येतं. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेतून पाच विषय घेऊन पास होता येतं. तिथं पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. आणि राज्य बोर्डाचा सतरा नंबर, त्याला वयाची चौदा वर्षं पूर्ण आणि किमान पाचवी पास लागते. आमच्यातल्या बहुतेकांनी सतरा नंबर निवडला. बालभारतीची जुनी पुस्तकं वस्तीतच मिळत होती आणि संपर्क केंद्राची, म्हणजे खासगी विद्यार्थ्यांचे अर्ज घेणारी शाळा चालत जाण्याएवढी जवळ होती. गॅरेजमध्ये काम करणाऱ्या एका दादानं मात्र मुक्त शाळा घेतली. एका वेळी दोनच विषय उरकायचे, हे त्याला झेपणारं होतं.

कागदपत्रांनी जीव काढला. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि त्याची प्रिंट, फीची पावती, हमीपत्र, मूळ दाखला हे सगळं संपर्क केंद्राच्या शाळेत नेऊन द्यायचं. माझ्या दाखल्यावर जन्मतारीख ऑगस्टमधली आणि आधारवर १ जानेवारी. आधार काढताना तारीख माहीत नसली की अशीच टाकतात, वस्तीतल्या कितीतरी जणांचा वाढदिवस १ जानेवारीलाच आहे. शाळेतले क्लार्क सर म्हणाले, “बोर्डाला दाखला महत्त्वाचा. फॉर्म दाखल्याप्रमाणं भरू, आधार मागून दुरुस्त करून घे.” एका मुलाचा मूळ दाखलाच हरवला होता. त्याला दुय्यम प्रत काढून प्रतिज्ञापत्र करावं लागलं; काकू त्याच्या आईला घेऊन स्वतः सेतू केंद्रात बसल्या.

ज्यांना बाहेरून बसायचंय त्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. सतरा नंबर भरला म्हणजे परीक्षेचा फॉर्म भरला असं होत नाही. ती फक्त नावनोंदणी असते. नोंदणीचं प्रमाणपत्र आल्यावर पुढं परीक्षेचं आवेदनपत्र वेगळं भरावं लागतं, त्याची फी वेगळी, तारीख वेगळी. आमच्या वस्तीतली काही मोठी पोरं आधीच्या वर्षी इथंच अडकली होती. नोंदणी करून ती निवांत राहिली आणि मार्चमध्ये हॉल तिकीट आलंच नाही. तसंच प्रत्येक विषयातले तोंडी, प्रात्यक्षिक आणि अंतर्गत मिळून २० गुण. शाळेत तोंड दाखवलं नाही तर हे गुण हातचे जातात. आमची प्रात्यक्षिकं रविवारी शाळेच्या प्रयोगशाळेत झाली. लिटमसचा कागद मी त्या दिवशी पहिल्यांदा हातात धरला.

अभ्यासाची वेळ दुपारी दोनची ठेवली होती, कारण सकाळचे डबे तेव्हा आटोपलेले असायचे आणि संध्याकाळच्या कणकेला अवकाश असायचा. मला गणित शिकवायला बीएस्सीची एक ताई यायची. ती पहिल्या आठवड्यात पुस्तक उघडायचंच नाही म्हणाली. “तू दिवसभर काय करतीस ते सांग.” मी मेसच्या खाड्यांचं सांगितलं. कोण किती वेळा जेवायला आलं नाही त्याची नोंद मीच ठेवायचे. महिन्याचे तीन हजार, दोन्ही वेळचं धरून साठ जेवणं, एका खाड्याला पन्नास रुपये कमी. ती म्हणाली, “एका पोराचं बिल २६०० झालं, तर खाडे किती?” मी लगेच म्हटलं, आठ. “कसं काढलंस?” तीन हजारातून सव्वीसशे गेले, उरले चारशे, भागिले पन्नास. तिनं वहीत लिहिलं : ३००० − ५०क्ष = २६००. “हेच समीकरण आहे. तू वर्षभर सोडवलालीस.”

मी त्या ओळीकडं बराच वेळ बघत बसले. नववीत ज्या क्ष ला बघून मी पाठीमागच्या बाकावर सरकायचे, तो खाडा होता.

मग आम्ही पाचवीच्या भागाकारापासून सुरुवात केली. अपूर्णांक, ऋण संख्या, टक्केवारी. दिवाळीपर्यंत तेवढंच. भूमितीला एका क्लासचे सर रविवारी सकाळी बॅच सुरू व्हायच्या आधी त्यांच्या हॉलमध्ये शिकवायचे, पैसे न घेता. मायच्या मेसमध्ये जेवणारी पोरं ज्या बाकांवर बसायची त्याच बाकांवर आम्ही. सर आम्हाला आणि त्यांना एकाच आवाजात शिकवायचे, हे मला फार मोठं वाटतं.

वहीतली सगळी नावं शेवटपर्यंत राहिली नाहीत. माझ्या शेजारी बसणाऱ्या एका मुलीचं, मराठी आणि इतिहासात माझ्यापेक्षा कितीतरी हुशार होती, हॉल तिकीट यायच्या आधी गावाकडं नेऊन लग्न लावून दिलं. तिचं वय सतराही नव्हतं. काकू घरी पोचल्या तेव्हा दाराला कडी होती. त्यानंतर समाजमंदिराच्या भिंतीवर १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर रंगवून घेतला आणि सलग तीन दिवस गैरहजर म्हणजे त्याच संध्याकाळी घरी जायचं असं ठरलं. तोवर आठवडा जाऊ द्यायचे. तिच्यासाठी हे उशिरा झालं, याचं दुःख आम्हाला सगळ्यांना आहे.

पेपर १ मार्च २०२४ ला सुरू झाले, निकाल २७ मे ला लागला. मी बाकी सगळ्यात पास आणि गणितात २२.

गणित आणि विज्ञान मिळून ७० गुण पडले आणि दोन्हीत प्रत्येकी किमान २५ असले तरी चालतं, हे ताईनं आधीच सांगून ठेवलं होतं. भाषांचंही तसंच, तिन्ही मिळून १०५ आणि प्रत्येकीत किमान २५. विज्ञानात मला ४१ होते, पण बेरीज त्रेसष्टच झाली आणि गणित पंचविसाच्या खाली. मोबाइलवर निकाल बघून माय काही बोलली नाही, कणीक मळायला बसली. स्थळवाल्या आत्याबाई संध्याकाळी आल्याच.

त्यांच्या मागोमाग ताई, काकू आणि क्लार्क सर पण आले. त्यांनी निकाल लागायच्या आधीच ठरवून ठेवलं होतं की नापास झालेल्याच्या घरी त्याच दिवशी जायचं. कोण पोर सुटतं आणि कोण राहतं हे त्या चार-पाच दिवसांतच ठरतं, असा त्यांचा अनुभव आणि आता माझाही. क्लार्क सरांनी बाबांना समोर बसवून समजावलं. एक किंवा दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावीला प्रवेश मिळतो, आणि जुलैत पुरवणी परीक्षा आहे, वर्ष वाया जात नाही. पूर्वी ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागायचं, २०१५ ला ती परीक्षा जुलैत आणली. बाबांनी एवढंच विचारलं, “म्हंजी पोरगी कॉलेजला जाती का नाही?” सर म्हणाले, जाते. आत्याबाई चहा पिऊन गेल्या.

जून-जुलै मी फक्त गणित केलं. मेसमालकीण काकूंनी मला संध्याकाळच्या कामातून सूट दिली आणि पगार कापला नाही. ताईची स्वतःची परीक्षा संपली होती, १२० तास कधीच भरले होते, तरी ती रोज यायची. ऑगस्टमध्ये पुरवणीचा निकाल आला, गणितात ४४. गुणपत्रिका घ्यायला मी आणि माय दोघी शाळेत गेलो. मॅडमनी ती मायच्या हातात दिली, आणि मायनं ती उलटी-सुलटी बघून विचारलं, “हिच्यावर माझं नाव कुठाय?” आईच्या नावाची ओळ मॅडमनी बोट ठेवून दाखवली.

आता मी कला शाखेत बारावीला आहे. दुपारी समाजमंदिरात वही माझ्याकडं असते. हजेरी लिहिते, तीन दिवस कोण आलं नाही ते काकूंना सांगते, नव्या पोरांना खाड्यांचं समीकरण शिकवते. कॉलेजचे सर बदलून गेले, पण करार कॉलेजशी होता म्हणून नव्या सरांनी पुढं चालू ठेवला.

अजून एक काम राहिलंय. आम्हाला पोर सापडतं ते सुटल्यावर वर्षा-दीड वर्षानं, तोवर त्याला पगाराची सवय लागलेली असते किंवा तिचं लग्न ठरलेलं असतं. म्हणून मॅडमनी आसपासच्या शाळांना पत्रं पाठवलीत, की मे महिन्यात नववीचा निकाल लागला की नापास झालेल्यांची आणि दाखला नेलेल्यांची नावं आम्हाला कळवा. दोन शाळांनी होकार दिलाय. माझ्या जुन्या शाळेचं उत्तर अजून आलेलं नाही. मॅडम पुढच्या आठवड्यात तिथं स्वतः जाणार आहेत आणि मला सोबत चल म्हणाल्यात.