सगळ्या वारसांना एकच पत्र

सोलापुरात जुनं घर विकायचं असेल तर माणसं बोर्ड लावत नाहीत. बोर्ड लागला की गल्लीत चर्चा, भावकीत चर्चा, आणि "काय अडचण आली म्हणे त्यांना?" हा प्रश्न अक्कलकोटच्या पाहुण्यांपर्यंत जातो. म्हणून घर नुसतं बंद पडून राहतं. दाराला गंजलेलं कुलूप, मीटर काढून नेलेल्या जागी भिंतीवर चौकोनी डाग, सज्जाच्या फटीत उगवलेला पिंपळ. साखर पेठ, भवानी पेठ, जोडभावी पेठ, इकडं बाळीवेस, उत्तर कसबा. सकाळी चालत निघा, अशी घरं गल्लोगल्ली दिसतील. मालक पुण्यात, हैदराबादला, भिवंडीला. त्यांना विकायचंच नाही असं नसतं. घरात हा विषय आधी कुणी काढायचा, इथं सगळं अडून बसतं.

मी जुन्या घरांच्या खरेदी-विक्रीचं काम करते आणि माझं बरंचसं काम पोस्टानं चालतं. धंद्यात नव्यानं आलेली मुलं विचारतात, मॅडम, व्हॉट्सअ‍ॅप असताना पत्रं कशाला? त्यांच्यासाठी हे लिहितेय, आणि ज्यांचं असं एखादं घर इथं बंद आहे त्यांच्यासाठीही.

पत्र टाकून घर विकणारे शोधायची पद्धत अमेरिकेत चांगलीच रुळलेली आहे. तिकडं मालकांच्या नावांच्या याद्या विकत मिळतात: दुसऱ्या गावी राहणारे मालक, कर थकलेले, वारसाहक्कानं नुकतं घर मिळालेले. त्या याद्यांवर पत्रं जातात, आणि छापील कागद कचऱ्यात जाऊ नये म्हणून कितीतरी जण रेघा मारलेल्या पिवळ्या कागदावर हातानं लिहिल्यासारखी पत्रं काढतात. एकच पत्र टाकून थांबायचं नाही, त्याच पत्त्यावर पुन्हा पुन्हा टाकायचं, हा त्यांचा पहिला नियम. या दोन गोष्टी मी मनापासून मानते, हाताचं अक्षर आणि चिकाटी. बाकीचं इथं जसंच्या तसं चालत नाही. सोलापूरच्या जुन्या पेठांतलं घर क्वचितच एका माणसाचं असतं. मालमत्ता पत्रकावर नाव वारलेल्या वडिलांचं, कधी आजोबांचं. प्रत्यक्षात मालक चार, सहा, कधी अकरा. त्यातल्या एकालाच पत्र गेलं तर बाकीच्यांच्या मनात पहिला विचार येतो की हा आपल्या पाठीमागं काहीतरी करायलाय.

म्हणून मी सगळ्या वारसांना एकाच दिवशी, एकच मजकूर पाठवते. लेकींनाही. आई असेल तर तिचं नाव सगळ्यात वर. आणि पत्राच्या तळाशी, सरकारी पत्रात असते तशी प्रतींची यादी: हे पत्र कुणाकुणाला पाठवलं आहे, नावानिशी. माझ्या मते या कामातला खरा जीव त्या यादीत आहे.

साखर पेठेतल्या एका घराबद्दल सांगते, ओळख पटणार नाही इतपत. दोन मजली, खाली मागखोली, वर राहायचं. यंत्रमाग कधीच भंगारात गेलेले, पण फरशीवर तेलाचे काळे पट्टे तसेच होते, आणि माग जिथं बोल्ट मारून बसवले होते तिथली भोकं. बंद खिडकीच्या फटीतून मी ते पाहिलं. थोरला भिवंडीला, धाकटा पुण्यात नोकरीला, बहीण इथंच नीलम नगरला, आणि आयुष्यभर विड्या वळलेली आई बहिणीकडं. मी असं लिहिलं होतं:

"आदरणीय अक्का, अण्णा, दादा आणि ताई,

साखर पेठेतलं तुमचं हिरव्या दाराचं घर मी बाहेरून पाहिलं. समोरच्या दुकानात चौकशी करून तुमची नावं आणि पत्ते मिळवले. मी घरांच्या खरेदी-विक्रीचं काम करते. हे घर विकण्याचा तुमचा विचार आहे की नाही हे मला माहीत नाही. असेल तर कागदपत्रांपासून खरेदीखतापर्यंत सगळं काम मी करीन, आणि माझं कमिशन खरेदीखताच्या दिवशीच घेईन. नसेल तर तसं एका ओळीनं कळवा, पुन्हा पत्र येणार नाही. हेच पत्र आज खाली नावं दिलेल्या चौघांना पाठवलं आहे."

खाली माझं नाव, पत्ता, फोन. भाव लिहिला नाही, मी कधीच लिहीत नाही. कागदावर आकडा आला की एकाला तो कमी वाटतो, दुसऱ्याला त्यातला आपला वाटा दिसायला लागतो, आणि घर राहतं बाजूला. "तातडीनं रोख" असलंही काही नाही.

बरेच दिवस काही आलं नाही. मग एका दुपारी थोरल्यांचा फोन आला.

"ताई, हे पत्र आमच्या धाकट्याला पण आलंय का?"

"आलंय. तुमच्या बहिणीला पण. खाली नावं लिहिलीत बघा."

थोडं थांबून ते म्हणाले, "बरं केलं. मी विषय काढला असता तर म्हणले असते, मोठ्याला पैशाची घाई झाली."

हे वाक्य मला वेगवेगळ्या घरांतून, वेगवेगळ्या शब्दांत ऐकायला मिळालंय. थोरल्याला लोभी दिसायची भीती, धाकट्याला आगाऊ दिसायची, आणि बहिणीला तर तोंड उघडायचीच भीती, कारण "माहेरचं घर विकायला निघाली" हे तिला जन्मभर ऐकावं लागेल. बाहेरच्या माणसाचं पत्र सगळ्यांच्या हातात एकदम पडलं की विषय कुणीच काढलेला नसतो आणि तरी तो निघालेला असतो. फोन एकाच्याच कानात जातो. व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज एकाच्याच मोबाईलमध्ये वर सरकून जातो. कागद मात्र टीव्हीवर ठेवला जातो, सुनेच्या हाती लागतो, पाहुण्यांना दाखवला जातो.

या घरात पुढं कागदांचंच काम जास्त निघालं. पत्रकावर वडिलांचं नाव होतं, तेव्हा आधी मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडून नगर भूमापन कार्यालयात वारस नोंद करून घेतली. महापालिकेत कराला वेगळी नोंद, थकबाकी वेगळी, त्यावरची शास्ती वेगळी. घर वडिलांनी स्वतः कमावून बांधलेलं, मृत्युपत्र नाही. अशा वेळी 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं आई, दोन्ही मुलं आणि मुलगी यांचे चार समान वाटे होतात. वडिलोपार्जित मिळकत असती तर 2005 च्या दुरुस्तीनं मुलीला तिथंही मुलासारखाच जन्मतः हक्क आहे, आणि वडील 2005 च्या आधी वारले असले तरी तो जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 साली स्पष्ट केलं. हे मी पहिल्याच बैठकीत, सगळ्यांसमोर, आईच्या देखत सांगते. बहीण स्वखुशीनं हक्कसोडपत्र करून देत असेल तर तो तिचा निर्णय. पण तिला न विचारता "तिची सही काय, घेऊ की" म्हणणाऱ्या घराचं काम मी घेत नाही.

आईनं एकच अट घातली: माझा वाटा माझ्याच नावानं बँकेत ठेवायचा, कुणी वाटून घ्यायचा नाही. तसंच झालं. खरेदीदाराच्या वकिलानं पेपरात जाहीर नोटीस दिली, मुदतीत कुणाची हरकत आली नाही, आणि घर शेजारच्या टॉवेलवाल्यांनी घेतलं. त्यांना कारखान्याला लागून जागा हवीच होती.

आता पाकिटाबद्दल, कारण सगळ्यात जास्त पत्रं तिथंच वाया जातात. छापील पत्ता चिकटवलेलं पांढरं लांब पाकीट आलं की घरातल्यांना वाटतं नोटीस आली. बँकेची, कोर्टाची, नाहीतर महापालिकेची. स्पीड पोस्टानं सही घेऊन पत्र दिलं की मग तर खात्रीच पटते. 2025 साली रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टातच विलीन झालंय, पण या कामाला दोन्हीची गरज नाही. साधं पाकीट, 5 रुपयांचं तिकीट, शाईनं लिहिलेला पत्ता, मागं माझं नाव-गाव. पोस्टाची डायरेक्ट पोस्ट नावाची सेवाही आहे, बिनपत्त्याची पत्रकं पोस्टमन घरोघर टाकतो. नवीन स्कीमची जाहिरात करायची तर ती ठीक. बंद घराच्या मालकाला तिचा काय उपयोग? तो तिथं राहतच नाही.

पत्ते मिळवणं हे चालण्याचं आणि बोलण्याचं काम आहे. सिटी सर्व्हे नंबर कळला की महाभूमीच्या संकेतस्थळावर मालमत्ता पत्रक दिसतं. त्या मिळकतीचा अलीकडं व्यवहार झाला असेल तर सूची क्रमांक दोनमध्ये, म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या त्या व्यवहाराच्या उताऱ्यात, नावांबरोबर पत्तेही असतात. पण खरी माहिती किराणा दुकानदार, समोरच्या घरातल्या आजी आणि जुना पोस्टमन यांच्याकडंच. त्यांना मी काय काम करते ते आधी सांगते आणि मगच विचारते. पत्रकावरचा माणूस हयात आहे का, हे कळल्याशिवाय एकही पाकीट टाकू नये. वारलेल्या वडिलांच्या नावानं "घर विकणार का" असं पत्र आईच्या हातात पडलं तर त्या घरात आपल्याला पुन्हा पाय ठेवता येत नाही, आणि येऊही नये. घरात कुणी गेलेलं असेल तर वर्षश्राद्ध होईपर्यंत मी थांबते. दुसरा कुणी आधी पोचला तर पोचू दे.

वेळेचं गणित मात्र अगदी सोलापूरचं आहे. पूर्व भागातल्या पद्मशाली घरांना मी नारळी पौर्णिमेच्या आधी पंधरा-वीस दिवस पत्र पोचेल असं बघते. त्या दिवशी मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव असतो, भिवंडी-हैदराबादची माणसं गावी येतात, आणि राखी असल्यामुळं बहिणीही येतात. कसबा, बाळीवेस भागातल्या घरांना संक्रांतीच्या आधी, कारण सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेला आणि नंदीध्वजांच्या मिरवणुकीला बाहेर गेलेला माणूस आवर्जून येतो. सगळे वारस एका छताखाली बसतात ते याच दिवसांत. एरवी पुण्याचा मुलगा हुतात्मा एक्सप्रेसनं रात्री उतरतो, दुसऱ्या दिवशी लग्न उरकून परत जातो, घराकडं कोण बघतंय?

पहिल्या पत्राला सहसा उत्तर येत नाही. पुढच्या सणाला दुसरं टाकते, त्यात आधीच्या पत्राची आठवण आणि घराबद्दल नवीन दिसलेलं काही: पन्हळ तुटलीय, शेजारच्या भिंतीत ओल उतरायलीय. ही माहिती घर विकलं नाही तरी त्यांच्या कामाची असते. तिसऱ्यानंतर थांबते. "नको" असं कुणीही एकानं कळवलं की सगळ्यांची नावं वहीतून कायमची काट.

काही फोन खरोखर अडलेल्या माणसांचे येतात. दवाखान्याचं बिल, सावकार, बँकेचं थकलेलं कर्ज. आमच्या धंद्यात अशा माणसाला हेरून त्याचं घर भाव पाडून मागणारे आहेत, आणि पत्र टाकायची पद्धत त्यांच्याही कामाची आहे, म्हणून हे स्पष्टच लिहिते. थकलेल्या कर्जासाठी बँकेची सरफेसी कायद्यातली 13(2) ची नोटीस आली असेल तर कर्ज भरायला 60 दिवस असतात. नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय ते घर विकता येत नाही. पण संमती घेऊन आपणच गिऱ्हाईक आणलं तर लिलावापेक्षा बरी रक्कम हातात पडू शकते. अशा माणसाला मी आधी बँकेच्या शाखेत पाठवते, बरोबर जावं लागलं तर जाते. त्याचं घर मी स्वतः घेत नाही, नात्यातल्या कुणाला घेऊ देत नाही.

आणि तुमचंच घर इथं बंद असेल, माझ्यासारख्या कुणाचं पत्र आलं असेल, तर उत्तर द्यायच्या आधी तीन कामं करा. मालमत्ता पत्रक काढून त्यावर कुणाचं नाव आहे ते बघा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर तुमच्या भागाचा रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारनं ठरवलेला दर बघा. तो बाजारभाव नव्हे, पण त्याच्याही खाली कुणी मागत असेल तर का, ते विचारता येतं. आणि पत्र पाठवणाऱ्याला फोन करून पहिला प्रश्न हा विचारा की आमच्या घरात आणखी कुणाकुणाला हे पत्र गेलंय. त्यानं "फक्त तुम्हालाच" म्हटलं, तर पत्र घेऊन आधी बहिणीकडं जा.