बोरूची धार टॅबलेटवर: दाब, झुकाव, वळण आणि पुढे काय येऊ शकतं

नवा टॅबलेट येणार म्हटलं की चर्चा सुरू होते ती दाबाच्या पातळ्यांवरून: ४०९६ की ८१९२? देवनागरी सुलेखन करणाऱ्याने या आकड्यावर वेळ घालवू नये. बोरूच्या अक्षरातला जाड-बारीकपणा दाबातून येतच नाही, तो येतो टोकाच्या तिरक्या धारेतून. म्हणून आपण वाट पाहायची ती वळणाची, म्हणजे पेन स्वतःच्या अक्षाभोवती किती फिरलं हे टॅबलेटला कळण्याची. साध्या पेनला वळण ओळखणारी टोपी बसवण्याचं माझं काम कुठवर आलंय, काय अडलंय आणि येत्या यंत्रांकडून काय अपेक्षा धरता येईल, ते खाली मांडलं आहे.

दाबाचं गणित

साधारण ५०० ग्रॅम भाराला पेनचा दाब कमाल पातळीला पोचतो असं धरू. ८१९२ पातळ्या म्हणजे एका पातळीला ०.०६ ग्रॅम, १०२४ पातळ्या म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. हाताला अर्ध्या ग्रॅमचाही फरक राखता येत नाही. शिवाय विंडोजच्या पेन-पॉइंटर व्यवस्थेत दाब ० ते १०२४ याच मापात बसवून अॅपला दिला जातो आणि अँड्रॉइडमध्ये तो साधारण ० ते १ असा अपूर्णांक होऊन येतो. खोक्यावरचा आकडा अॅपपर्यंत तसाच पोचेल याची खात्री धरू नका.

खरा फरक पडतो सुरुवातीच्या भाराने, म्हणजे किती ग्रॅमला रेघ उमटायला लागते त्याने. चांगली ईएमआर पेनं (बॅटरीशिवाय, टॅबलेटच्या चुंबकीय क्षेत्रावर चालणारी) एक-दोन ग्रॅमला जागी होतात, काही बॅटरीवाल्या पेनांना दहाच्या पुढे लागतात. ब्रश-लिपीत, म्हणजे जाडी दाबातून येते अशा अक्षरांत, लिहिणाऱ्यांची वेलांटीची शेपटी मधेच तुटते ती यामुळे.

मोजण्याची पद्धत सोपी आहे. लाकडी ठोकळ्यात उभी, आरपार पीव्हीसी नळी बसवून तो टॅबलेटवर ठेवा, आतला व्यास पेनपेक्षा एक-दीड मिलिमीटर जास्त. पेन नळीत सरळ सोडा, वरच्या टोकाला बाटलीचं झाकण चिकटवा आणि त्यात एकेक नाणं टाकत जा. नाणी, झाकण आणि पेन ०.०१ ग्रॅमच्या पॉकेट काट्यावर आधी तोलून घ्या. पेनचं स्वतःचं वजनच दहा-वीस ग्रॅम असतं, त्यामुळे हलक्या टोकाचा आकडा असा मिळत नाही. त्यासाठी पेनच्या शेपटीला दोरा बांधून तो कप्पीवरून न्या आणि दुसऱ्या बाजूला पेनपेक्षा जड प्रतिभार लावून एकेक वजन काढत जा. दर वेळी नळीला बोटाने हलकी टिचकी मारा. पेन नळीला घासून अडकलं की आकडा फुगतो, आणि या चाचणीतली बहुतेक चुकीची मापं इथूनच येतात. भार चढवताना रेघ सुरू होण्याचा आणि उतरवताना ती तुटण्याचा असे दोन्ही आकडे टिपा. त्यांच्यात मोठी तफावत असेल तर टोक घट्ट बसलंय किंवा झिजलंय. नवं टोक घालून पुन्हा मोजा.

रेघेची थरथर

अॅपमधलं स्थिरीकरण (थरथर आपोआप झाकणारी सोय) पूर्ण बंद करा. तीस सेंटीमीटरची पट्टी तिरकी ठेवून सेकंदाला साधारण एक सेंटीमीटर या गतीने रेघ ओढा. कपॅसिटिव्ह पडद्यावर चालणाऱ्या पेनांत बऱ्याचदा लाटा दिसतात, कारण पडद्यातले इलेक्ट्रोड काही मिलिमीटर अंतराने असतात आणि मधली जागा गणिताने भरली जाते. मग वेग बदलून पाहा. लाटांचं अंतर तेवढंच राहिलं तर दोष जाळीचा. वेगाबरोबर बदललं तर हाताचा. चार्जर काढल्यावर लाटा गेल्या तर अर्थिंग नसलेल्या दोन-पिनी चार्जरचा गोंगाट. ईएमआर टॅबलेटवर लाटा कमी असतात, पण कडेला स्पीकरच्या किंवा कव्हरच्या चुंबकापाशी रेघ वाकते. कव्हर काढून तीच रेघ पुन्हा ओढली की कारण कळतं. सुलेखनात हे जास्त जाणवतं, कारण शिरोरेषा लांब आणि सरळ असते.

धारेचा कोन

बहुतेक अॅपमधले तयार सुलेखन-ब्रश रोमन लिपीसाठी बसवलेले असतात. त्यांची धार / अशी असते. देवनागरीला ती \ अशी हवी, म्हणजे / दिशेचा फटकारा जाड आणि \ दिशेचा बारीक. अॅपमधला कोनाचा आकडा कुठून मोजलाय याच्या फंदात न पडता हे दोन फटकारे ओढा. उलटं आलं तर कोनात ९० मिळवा. काना ओढल्यावर त्याची दोन्ही टोकं \ अशी कापलेली दिसली पाहिजेत.

जाडीचं सूत्र: धारेची रुंदी गुणिले फटकारा आणि धार यांमधल्या कोनाची ज्या (साइन). ४० पिक्सेलची धार ४५ अंशांवर असेल तर काना आणि शिरोरेषा दोन्ही २८ पिक्सेलचे येतात. \ दिशेला मात्र जाडी शून्य होते आणि रेघ नाहीशी होते. म्हणून क्रिता या चित्रकलेच्या अॅपमध्ये ब्रशच्या टोकाचं (जाडी भागिले रुंदी) गुणोत्तर ०.०८ च्या आसपास ठेवा, म्हणजे सर्वांत बारीक रेघ तीनेक पिक्सेल उरते. रेघ ज्या ठशांनी बनते त्यांच्यामधलं अंतर ०.०५ पेक्षा जास्त ठेवलं तर गोलाईवर कडा करवतीसारख्या दिसतात. ‘ळ’ आणि ‘छ’ मध्ये हे लगेच उघडं पडतं.

स्थिर कोनावर बहुतांश अक्षर नीट येतं. अडतं ते रफार, उकार आणि कान्याच्या निमुळत्या शेवटापाशी, जिथे हात बोरू बोटांत किंचित फिरवतो.

वळण पेनला कसं कळवायचं

वॅकॉमच्या आर्ट पेनमध्ये ही सोय फार पूर्वीपासून आहे, पण ते त्यांच्या ठरावीक ग्राफिक पाट्यांवरच चालतं. २०२४ च्या अॅपल पेन्सिल प्रोमध्ये जायरोस्कोपने (फिरण्याचा वेग मोजणाऱ्या संवेदकाने) वळण मोजलं जातं. बाकीच्यांसाठी सध्या जोडकाम, म्हणजे पेनला बाहेरून संवेदक बसवणं.

भाग: सीड झाओ एनआरएफ५२८४० सेन्स हा बोर्ड (२१ × १८ मिलिमीटरच्या आसपास, सहा अक्षांचा संवेदक, म्हणजे जायरो आणि प्रवेगमापी, आणि ब्लूटूथ आतच), ३.७ व्होल्टची छोटी लिपो बॅटरी, थ्रीडी छापलेली शेपटीकडची टोपी. बोर्ड टोकापासून जितका लांब तितका बरा. ईएमआर पेनात टोकाजवळ गुंडाळी असते, तिच्या शेजारी तांबं आलं की तिचा अनुनाद (तिची ठरावीक कंप्रता) सरकतो आणि रेघ विचलित होते. बॅटरीवाल्या पेनात टोकाच्या वरच्या शंकूतही इलेक्ट्रोड असू शकतो, तिथे धातूची टेप लावू नये.

संवेदक मुद्दाम सहा अक्षांचा घेतलाय. नऊ अक्षांतला होकायंत्राचा भाग टॅबलेटच्या कडेच्या चुंबकांजवळ बिघडतो. होकायंत्राशिवाय चालतं, कारण पेन तिरपं असताना गुरुत्वच संदर्भ देतं: पेनच्या अक्षाला आडव्या दोन प्रवेगांवरून वळण थेट निघतं. उभ्यापासून ४५ अंश झुकावावर हा आडवा घटक ०.७ जी (गुरुत्वाच्या ०.७ पट) असतो, १० अंशांवर जेमतेम ०.१७. तिथे हाताची हालचालच त्याला गिळून टाकते. म्हणून १५ अंशांच्या खाली प्रवेगमापी बंद, फक्त जायरो. त्याच्या वर ०.९८ जायरो आणि ०.०२ प्रवेग असं मिश्रण, सेकंदाला १०० वेळा. पेन अगदी उभं धरणाऱ्यांना मात्र सरकत जाणारा कोन सहन करावा लागतो.

पडद्यावरचा धारेचा कोन म्हणजे टॅबलेटकडून मिळणारी झुकावाची दिशा अधिक हे वळण, पेन फार आडवं नसेल तोवर. झुकाव न देणारं पेन असेल तर हा सगळा खटाटोप व्यर्थ. टॅबलेट स्टँडवर २० अंश उचलला तरी हिशेब चुकतो, तेव्हा टॅबलेटच्या स्वतःच्या प्रवेगमापीवरून दुरुस्ती लागते. ही दुरुस्ती अजून लिहायची आहे. सध्या टॅबलेट सपाट ठेवूनच चाचणी.

मोठी अडचण उशिराची. ब्लूटूथ लो एनर्जीत दोन संदेशांतलं नेहमीचं किमान अंतर ७.५ मिलिसेकंद, टॅबलेट प्रत्यक्षात त्याहून मोठं देतात. २४० हर्ट्झच्या पेनची जागा मात्र दर ४.२ मिलिसेकंदांनी येते. जागा पुढे आणि वळण मागे राहतं. सावकाश रफारात हे खपतं, झपाट्याच्या उकारात धार एका ठशाने मागून फिरते. शेवटच्या दोन कोनांवरून पुढचा कोन अंदाजाने काढला की सुधारतं, पण फटकारा थांबताना कोन पुढे निघून जातो. त्यावर वेग कमी होताच अंदाज बंद करणं हा उपाय चालतोय.

पुढे काय येईल

वळणासाठी जागा आधीच राखलेली आहे, हे सगळ्यांत आशादायक. पेन-टॅबलेटने कोणती माहिती कळवायची याच्या यूएसबीच्या तक्त्यात ‘ट्विस्ट’ (वळण) आहे, ब्राउझरच्या पॉइंटर इव्हेंट्समध्ये ० ते ३५९ अंशांचं ‘ट्विस्ट’ आहे, विंडोजच्या पेन-माहितीत वळणाचा रकाना आहे. तो भरणारी पेनंच थोडी. पेनच्या आत जायरो घालायला मोठा खर्च नाही आणि एका मोठ्या कंपनीने ते केलंय, म्हणून अँड्रॉइड टॅबलेटांत पुढची भर हीच पडेल असा माझा कयास आहे. पेनमधली कंपनं २०२१ च्या सरफेस स्लिम पेन २ पासून आहेतच, ती पसरत जातील.

बोटाचा दाब ओळखणाऱ्या पडद्याबद्दल मला आशा नाही. आयफोनात २०१५ साली थ्रीडी टच आलं, २०१९ च्या आयफोन ११ मधून गेलं, आयपॅडवर कधी आलंच नाही. काचेचं सूक्ष्म वाकणं मोजायचं असतं आणि मोठी काच मध्यभागी वेगळी वाकते, कडेला वेगळी. दाब पेनमध्ये मोजणं सोपं आणि स्वस्त. उलट पातळ यंत्रांच्या हव्यासापायी पडद्यामागचा पेन ओळखणारा थरच काढला जाण्याची भीती जास्त खरी आहे: २०२५ च्या गॅलेक्सी झेड फोल्ड७ मधून एस पेन असंच गेलं.

घेताना एक तपासा. ‘झुकाव आहे’ म्हणजे ‘दाब आहे’ असं नाही. २०२३ ची यूएसबी-सी अॅपल पेन्सिल झुकाव ओळखते, दाब नाही, आणि आयपॅडसाठीच्या बहुतेक स्वस्त पेनांचंही तेच आहे. सुलेखनाला ती चालून जातात, ब्रश-लिपीला नाही.

आता हातात घेतलेलं काम: स्टँडवरच्या कोनाची दुरुस्ती, आणि टोपीचं वजन दहा ग्रॅमच्या खाली आणणं. शेपटी जड झाली की पेन मागे झुकतं आणि कान्याचा खालचा काप पसरट होतो.