स्विफ्ट डिझेलचा क्लच बदलताना काय काय पाहिलं

साखरप्याहून आंबा घाट चढताना तिसऱ्या गिअरला अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज वाढायचा, आरपीएमचा काटा वर जायचा, पण गाडी तेवढ्याच वेगाने चढायची. पेडलही पार वर आल्यावर पकडायचं. कोल्हापुरात आमच्या मेकॅनिक मामांनी हँडब्रेक ओढला, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली आणि क्लच हळूहळू सोडला. क्लच चांगला असेल तर इंजिन तिथंच बंद पडतं. आमचं चालूच राहिलं, म्हणजे क्लच घसरत होता. (ही चाचणी क्षणभरच करायची. पुन्हा पुन्हा केली तर उरलीसुरली प्लेटही, म्हणजे इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी क्लचची चकती, जळते.)

खरा प्रश्न पुढे होता: घालायचं काय? जुन्या प्लेटला नवं लायनर (पकड घेणारा बाहेरचा थर) बसवून देणारे आहेत, आणि ते स्वस्तही पडतं. मी नको म्हटलं. प्लेटच्या मधल्या स्प्रिंगा इंजिनाचे हादरे झेलतात, त्या सैल झाल्या असतील तर नुसत्या लायनरने भागत नाही. फक्त नवी प्लेट घालणंही पटलं नाही. क्लचपर्यंत पोचायला गिअरबॉक्स खाली घ्यावाच लागतो आणि मजुरीचा मोठा भाग त्यातच जातो. उद्या प्लेटला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटची स्प्रिंग कमजोर पडली किंवा पेडल दाबल्यावर ती पकड सोडवणारं रिलीज बेअरिंग ओरडायला लागलं, तर तीच मजुरी पुन्हा. म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असा पूर्ण सेटच घ्यायचं ठरवलं. काही गाड्यांत बेअरिंग हायड्रॉलिक सिलिंडरला जोडूनच येतं. तिथं तो अख्खा भागच बदलावा लागतो.

एका मित्राने सिरॅमिक प्लेट सुचवली. ती जास्त ताकद आणि उष्णता सोसते हे खरं, पण पकड एकदम घेते. रोजच्या ट्रॅफिकमध्ये गाडी धक्के देत निघते. इंजिनाची ताकद वाढवलेली नसेल तर कंपनी देते तसलीच साधी प्लेट हवी, असं माझं ठाम मत आहे.

आता ब्रँड. वॅलिओ, लुक, एक्सेडी ही सगळी क्लचमधली जुनी, नावाजलेली नावं. त्यातलं कुठलं, यावर तासन्‌तास वाद घालण्यापेक्षा माल अस्सल आहे का आणि तो आपल्याच गाडीचा आहे का, हे पाहणं मला जास्त मोलाचं वाटतं. दुकानात नुसतं ‘स्विफ्टचा क्लच द्या’ म्हणून चालत नाही. १.२ लिटर पेट्रोलचा टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) साधारण ११४ न्यूटन-मीटर, तर माझ्या १.३ लिटर डिझेलचा १९०. पेट्रोलचा क्लच हा भार घेण्यासाठी बनवलेलाच नसतो. मी चासी नंबरवरून पार्ट नंबर काढून घेतला, तो खोक्यावरच्या नंबराशी ताडून पाहिला, सील आणि छपाई तपासली आणि पक्कं बिल मागितलं. बिल द्यायला कां-कूं करणाऱ्या एका दुकानातून तसाच बाहेर पडलो.

गिअरबॉक्स उतरवला तेव्हा मी मुद्दाम तिथे थांबलो. फ्लायव्हीलवर (इंजिनाच्या ज्या जड चाकावर प्लेट दाबली जाते त्यावर) उष्णतेचे निळसर डाग होते, पण भेगा नव्हत्या, म्हणून साफ करून तेच ठेवलं. क्रँकशाफ्टचं ऑइल सील मात्र ओलसर दिसलं.

“साहेब, हे आत्ताच बदला. तेल प्लेटवर उतरलं तर नवा सेटही घसरणार,” मामा म्हणाले.

सील सेटच्या मानाने अगदी स्वस्त. लगेच बदललं. नवी प्लेट बसवण्याआधी त्यांनी ती गिअरबॉक्सच्या शाफ्टवर सरकवून पाहिली. सहज सरकली, म्हणजे शाफ्टच्या खाचांशी ती जुळते. प्लेटची कोणती बाजू फ्लायव्हीलकडे, हे तिच्यावर छापलेलं असतं. तेही त्यांनी मला दाखवलं.

नव्या प्लेटला फ्लायव्हीलवर नीट बसायला वेळ लागतो, म्हणून पहिले काही शे किलोमीटर गाडी शहरातच, सौम्यपणे चालवली. भरलेली गाडी घाटात नेली नाही, हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून, रेंगाळलो नाही. पेडल आता मध्यावर पकडतं आणि पहिल्यापेक्षा बरंच हलकं लागतं.